भाता

श्टायरला टायर विकून कोर्बिनियानने घर बांधलं.
चाळीस वर्षं नुसती हवा विकली, म्हणतो,
आता हवेचा पैसा हवेतच घालतोय.

तळघरात एकोणीस बंदुका आहेत.
एक व्हिएन्नाची, दस्ता म्हणजेच हवेची टाकी.
तिला तो पंप लावत नाही:
म्हातारं पोलाद, सांगून फुटत नाही.
एक ल्येजची, नळीखाली तांब्याचा गोळा
कोबीच्या गड्ड्याएवढा.
एक तर चालायची काठी,
कुणा इंग्रज जमीनदाराने घेतली असेल,
स्वतःच्याच रानात चोरून ससे मारायला.

एकीलाही बारुदीचा वास नाही.
म्हणून तर, तो म्हणाला.
बापाचा कोट माळ्यावर होता, त्याला होता तो वास.
पुढे काही बोलला नाही,
मीही विचारलं नाही.

विसावी लिलावात मिळाली ती माझ्याकडे आणली,
कारण तिच्या पोटात भाता
आणि भाते मी शिवते:
गावोगावच्या देवळांतल्या ऑर्गनचे,
मेंढीचं कातडं, गरम सरस, आणि वेळ.
मी म्हटलं, बंदूक मी घेत नाही.
"बंदूक कुठे," तो म्हणाला,
"घशात कफ अडकलेला लहानसा ऑर्गन आहे हा."
माझ्याशी कसं बोलायचं
हे त्याला बरोबर ठाऊक असतं.

दस्ता उघडायलाच दुपार गेली.
घड्यांमध्ये उंदराचं वाळलेलं घरटं
आणि एका फाटीवर आतून चिकटवलेला कागद.
वाफ दिली. हळूहळू सुटला.
तपकिरी शाई, खाणावळीचा हिशेब,
रविवारी रंगीत फळीवर नेम धरणारे
आणि ज्याच्या त्याच्या उधारीच्या रेघा.
माटेस सुतार: चुकला. दोन मग.
पाद्रीबाबांचा पुतण्या: चुकला. पाच.
गिरणीवाला: फळीच चुकली. (सात.)
तळाशी दुसऱ्याच हातचं, बारीक:
आपोलोनिया, भांडीवाली. तीन बाण.
तिन्ही मधोमध.
पुढे रेघ नाही.
रेघ आहे ती नावावरून,
आणि तीही दोनदा ओढलेली.

मग भाता फाटला असणार,
आणि हाताशी आलं ते पान कुणीतरी फाडून लावलं.
त्यानंतर किती रविवार
त्या सगळ्यांचे नेम
तिच्या नावाला घासून निघालेल्या वाऱ्यावर.

कागद चौकटीत लावला तर किंमत दुप्पट होते,
हे मला कळतं, त्याला तर कळतंच.
तो आला. चष्मा पुसला. ओठ हलवत वाचलं,
शाळेत वाचतात तसं.
"दम धर," म्हणाला.
मी काहीच करत नव्हते.

एन्सवरून मालगाडी गेली, पूर्ण गेली.
"जिथे होता तिथेच लाव."
मी म्हटलं, नवं कातडं घालतेय,
कागदाची आता गरज नाही.
"नाही ना? मग लाव."

सरस पातळ केला. आतल्या अंगाला लावला,
अक्षरं पोकळीकडे करून.
फोटो काढला का, नंतर एकदोघांनी विचारलं.
नाही. एकदा वाचला, तेवढाच.

महिन्याने त्याच्या तळघरात
त्याने किल्ली माझ्या हातात दिली. "आधी तू."
अकरा वेढे. बाराव्याला मनगट नको म्हणालं.
बाणाला डुकराच्या केसांचं शेपूट,
टोक माझ्या सुईसारखंच.
चाप ओढला तर धडाका नाही, धूर नाही,
आजारी माणसाने रात्री कूस बदलावी
एवढाच आवाज,
आणि फळीपासून हातभर डावीकडे
आलुबुखाराच्या मुरंब्याच्या बरणीवरचं
त्याच्या बायकोने बांधलेलं फडकं
मधोमध भोसकलेलं.

"चुकला!" कोर्बिनियान केवढ्याने ओरडला,
आनंदाने लाल झालेला,
आणि खिसे चाचपत
पेन्सिल शोधायला लागला.